पाऊस, पुस्तक, पाच मिनिटं आणि एसटी

जुलै महिना कॉलेजवाल्यांच्या वाट्याला जरा मोकळाच येतो. वेळापत्रक नोटीस बोर्डावर लागलेलं असतं, पण सबमिशनची तलवार अजून म्यानात असते. छत्री घेतली की पाऊस येत नाही आणि विसरली की हमखास येतो, एवढंच काय ते टेन्शन. या मोकळ्या महिन्यात मी चार गोष्टी केल्या. एक पुस्तक हळूहळू वाचायला घेतलं, रूममेटसोबत ओपन माइकला जाऊन बसले, हवामान खात्याचा अंदाज रोज नीट वाचला आणि एसटीनं घाट चढून आले. त्याच्याच या नोंदी. वाचता वाचता तुमचा महिना कसा गेला, तेही आठवून बघा.

वाचलं : एका महिन्याला एकच लेख

पुस्तक आहे दुर्गा भागवत यांचं ‘ऋतुचक्र’. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने आणि त्या महिन्यांवरचे लेख. त्यात गोष्ट नाही, हिरो नाही, शेवटच्या पानावर उलगडणारं रहस्य नाही. झाडं, ढग, पक्षी, मातीचे रंग आणि ते बघत बसलेली एक बाई, एवढाच ऐवज.

खरं सांगू? पहिली दहा पानं जड जातात. भाषा आपल्या रोजच्या बोलण्यातली नाही, आणि ‘पुढे काय झालं?’ हा प्रश्न इथे चालत नाही, कारण पुढे काहीच होत नाही. म्हणून मी एक नियम केला. जो महिना चालू आहे, त्याचाच लेख वाचायचा. आषाढात आषाढ, श्रावणात श्रावण. पुढचं पान उघडायचं नाही. वेब सीरिजचे आठ एपिसोड एका रात्रीत संपवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे अवघड जातं, पण करून बघा. आषाढावरचा लेख वाचून कॉलेजला निघालात की रस्त्यावरचं झाड आपोआप दिसायला लागतं. तुमच्या कॅम्पसवर कदंब असेल तर सध्या त्याला पिवळे-केशरी चेंडू लटकलेले असतील. माझ्या रोजच्या रस्त्यावर असे दोन कदंब आहेत. दोन वर्षं मी त्यांच्याखाली स्कूटर लावत होते, ती फक्त सावली म्हणून.

आणखी एक गोष्ट. फुलापानांवर लिहिणारी बाई म्हणजे मवाळ, असा समज करून घेऊ नका. याच दुर्गाबाई 1975 साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. देशात आणीबाणी होती, मोठे मोठे लोक गप्प होते आणि दुर्गाबाई व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याच्या बाजूनं बोलल्या. पुढे त्यांना तुरुंगातही जावं लागलं. डोळे उघडे ठेवून बघायची सवय लागली की सोयीचं तेवढंच बघणं जमत नसावं. निदान मला तरी पुस्तक आणि ते भाषण एकाच माणसाचं वाटतं.

हसले : पाच मिनिटांचा स्पॉट

माझी रूममेट लातूरकडची. शिकायला इंजिनीअरिंग, करायला स्टँडअप. (तिला विचारूनच हे लिहितेय.) तिच्यामुळे मी ओपन माइक हा प्रकार आतून पाहिला. तुम्ही स्टँडअप फक्त रील्समध्ये पाहिलं असेल, तर तुम्ही अर्धंच पाहिलंय. रीलमध्ये येतो तो तयार झालेला पदार्थ. ओपन माइक म्हणजे स्वयंपाकघर. तिथे भांडी पडतात, फोडणी करपते, मीठ जास्त होतं.

कॅफेच्या मागच्या खोलीत पंधरा-वीस खुर्च्या. त्यातले दहा-बारा जण स्वतःच आपल्या नंबरची वाट बघणारे कॉमेडियन. ते हसत नाहीत, कारण ते मनात आपला सेट घोकत असतात. उरलेल्यांतले दोघं कॉफी प्यायला आलेले आणि चुकून सापडलेले. प्रत्येकाला पाच मिनिटं. चार मिनिटं झाली की मागून कुणीतरी मोबाइलची टॉर्च दाखवतं, म्हणजे आवरा. तळहातावर पेननं लिहिलेले तीन-चार शब्द, समोर शांतता आणि एसीचा आवाज. एखादा पंच पडतो, तेव्हा ती शांतता इतकी जाड असते की चमच्यानं उचलता येईल.

आमच्या बाईसाहेबांचा तेव्हाचा एक जोक : “मी घरी सांगते लायब्ररीत आहे. आई विचारते, मग मागे टाळ्या कोण वाजवतंय? मी म्हटलं, आई, इथली मुलं पुस्तक संपलं की टाळ्या वाजवतात. आई म्हणाली, मग तुझ्या वेळेला का नाही वाजवल्या?” पहिल्या दिवशी या जोकवर कुणीच हसलं नाही. तिनं एक वाक्य काढलं, एक थांबा वाढवला. चौथ्या वेळेस खोली फुटली. विनोद लिहितात कागदावर, पण तो दुरुस्त होतो लोकांसमोर. त्याला दुसरा इलाज नाही.

हे सगळं परदेशातून आलंय, असं समजणाऱ्यांसाठी एक उजळणी. पु. ल. देशपांडे 1961पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं रंगमंचावर उभी करत होते. डॉ. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटेच 52 पात्रं करायचे. दादा कोंडके ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये त्या दिवसाच्या घडामोडींवर ऐन वेळी वाक्यं टाकायचे, त्यामुळे कालचा प्रयोग आजच्यासारखा नसायचा. एक माणूस, समोर लोक आणि मध्ये फक्त बोलणं. ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे.

पण एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. चाळीतली माणसं, वऱ्हाडातली माणसं ही पात्रं होती. स्टँडअपमध्ये माइक धरलेला माणूस म्हणतो ‘मी’. माझी आई, माझं गाव, माझं ब्रेकअप. त्यामुळे विनोद फसला किंवा भलतीकडे पोचला, तर तो पात्राच्या नव्हे, त्याच माणसाच्या घरी जातो.

तसंच झालं. समोर बसलेल्या कुणीतरी तिचे वीस सेकंद शूट केले आणि स्टोरीला टाकले. वाईट हेतूनं नाही, भारी वाटलं म्हणून. तिथून कुणी उचललं, मागचं-पुढचं कापलं आणि आठवड्याभरात ती क्लिप तिच्या तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. क्लिपमध्ये काय होतं? ‘मी घरी खोटं सांगते’ एवढंच. पंच कापला गेला होता. वडिलांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. “शिकायला पाठवलंय ना तुला?” एवढंच विचारलं. दोन महिने ती माइकजवळ फिरकली नाही.

आता तुम्ही विचाराल, यात चूक कुणाची? जोक सांगणाऱ्या मुलीनं घरी आधीच सांगायला हवं होतं का? कदाचित. पण प्रत्येक घरात ते इतकं सोपं नसतं, हे तुम्हालाही माहितीये. मला त्या शूट करणाऱ्या हाताबद्दल बोलायचंय, कारण तो हात माझा असू शकतो आणि तुमचाही. ओपन माइकला लोक कच्चं घेऊन येतात. पडायला येतात. कच्चं काम परवानगीशिवाय बाहेर नेलं की पुढच्या वेळी तो माणूस कच्चं आणतच नाही. तो फक्त सुरक्षित जोक आणतो : नवरा-बायको, सासू, पुण्याच्या पाट्या. मग आपणच म्हणायला मोकळे की मराठीत नवीन काही होत नाही.

म्हणून विनंती. लाइव्ह शोला गेलात की फोन खिशात. आवडलं तर जोरात हसा, नाही आवडलं तर गप्प बसा. दोन्हींचा समोरच्याला उपयोग होतो. आणि शेअर करायचंच असेल तर आधी त्यालाच विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.

भिजले : अंदाज म्हणजे भविष्य नव्हे

‘हवामान खात्यानं सांगितलंय पाऊस पडणार, म्हणजे छत्री नको’ हा जोक आपल्या आजोबांनीही ऐकला असेल. खातं तसं त्यांच्याहूनही जुनं आहे, 1875 सालचं. त्याचं मुख्यालय आधी कोलकात्याला, मग सिमल्याला होतं, 1928 साली ते पुण्यात आलं. पुढे दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस चौक’च म्हणतात. तिथल्या सिग्नलला थांबल्यावर ‘पुण्यात सिमला कुठून आलं?’ असं वाटलं असेल, तर हे उत्तर.

आता थोडं गणित. ‘आज 100 मिलीमीटर पाऊस झाला’ म्हणजे नेमकं किती? एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या गच्चीवर 100 मिलीमीटर पावसात सव्वानऊशे लिटरच्या वर पाणी पडतं. 26 जुलै 2005च्या पावसात मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच गच्चीवर पावणेनऊ हजार लिटर, जवळपास एक मोठा टँकर! आणि त्याच काळात कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद झाली अवघी 73 मिलीमीटरच्या आसपास. शहर एकच, दिवस एकच.

म्हणून मोबाइलमध्ये शहराच्या नावापुढे ढगाचं एक चित्र बघून ‘अंदाज चुकला’ म्हणणं बरोबर नाही. तुमच्या गल्लीत पडला नाही, तेव्हा पलीकडच्या उपनगरात धो धो कोसळत असू शकतो. अंदाज म्हणजे शक्यता. तो वाचायचा असतो तो ठरवण्यासाठी, शिव्या घालण्यासाठी नाही.

रंगही समजून घ्या. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. 24 तासांत 64.5 मिलीमीटरच्या पुढे ‘जोरदार’, 115.6च्या पुढे ‘अति जोरदार’ आणि 204.4 ओलांडला की ‘अत्यंत जोरदार’, अशी खात्याची वर्गवारी आहे. आणि हे 24 तास मोजले जातात सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. ट्रेकला जाण्याआधी जिल्ह्याचा अंदाज आणि ‘घाट विभाग’ असा वेगळा उल्लेख आहे का, एवढं जरी बघितलंत तरी तुम्ही ग्रुपमधले शहाणे.

आमच्या रूममेटच्या घरी मात्र वेगळी शाळा आहे. तिची आजी नक्षत्रांवर पाऊस मोजते. मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा ‘तरणा’ पाऊस, पुष्याचा ‘म्हातारा’. प्रत्येक नक्षत्राला पंचांगात वाहन : कधी बेडूक, कधी मेंढा, कधी गाढव. सॅटेलाइटच्या जमान्यात यावर पेरणी ठरवू नका, पण नावं लक्षात ठेवा. पावसाला तरणा आणि म्हातारा म्हणणाऱ्या माणसांचं पावसाशी घरचं नातं होतं. लातूरकडे ते नातं जास्तच काळजीचं. आपल्याकडे पाऊस पडला की भजी, तिकडे नाही पडला की झोप नाही.

फिरले : तीस किलोमीटरमध्ये दोन ऋतू

शाळेत भूगोलाच्या पेपरात ‘पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय?’ याला दोन मार्क होते. ते दोन मार्क डोळ्यांनी बघायचे असतील तर स्वारगेटहून महाबळेश्वरची एसटी पकडा. पहिली एसटी 1 जून 1948ला पुणे ते नगर धावली होती. आजही पोरांच्या खिशाला परवडणारं यापेक्षा चांगलं वाहन नाही, आणि मुलींनो, 2023च्या मार्चपासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. खिडकीची जागा मिळवा. उजवी-डावी काहीही चालेल, फक्त काच उघडणारी बघा.

वाईला उतरलात तर कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती आहेतच. शिवाय मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं, हे लक्षात असू द्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथले. असाइनमेंटसाठी आपण जो विश्वकोश ऑनलाइन फुकट उघडतो, त्याचं घर हे. वाईत त्या दिवशी भुरभुर होती, छत्री उघडावी की नाही अशी. मग पसरणीचा घाट सुरू झाला. वळणागणिक ढग खाली उतरत गेले आणि पाचगणी येईपर्यंत एसटीचा वायपर दमून गेला. वाईहून महाबळेश्वर तीसेक किलोमीटर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, आणि वाईला त्याचा अगदी छोटा हिस्सा. कारण साधं आहे. अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. डोंगर उतरून पलीकडे जाताना त्यांच्याकडे द्यायला फारसं काही उरत नाही. लातूर तर आणखी कितीतरी पूर्वेला. रूममेट खिडकीतून बघत म्हणाली, “आमचा पाऊस इथेच अडवून ठेवलाय म्हणजे.” हा जोक नव्हता. आम्ही तरी हसलो आणि मग गप्प झालो.

पाचगणी सोडून महाबळेश्वरकडे जाताना भिलारचा फाटा लागतो. भिलार म्हणजे स्ट्रॉबेरीचं गाव, आणि 4 मे 2017पासून ‘पुस्तकांचं गाव’. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून कल्पना घेतली, पण तिथे पुस्तकांची दुकानं आहेत आणि इथे घरं. गावकऱ्यांच्या घरांत कपाटं आहेत, प्रत्येक घरात वेगळ्या प्रकारची पुस्तकं. आत जायचं, बसायचं, वाचायचं. विकत घ्यायची भानगड नाही. जुलैमध्ये स्ट्रॉबेरी नसते, म्हणून गर्दीही नसते. पत्र्यावर पाऊस वाजतोय, आतून कुकरची शिट्टी येतेय आणि आपण अनोळखी माणसाच्या ओसरीवर पुस्तक उघडून बसलोय. त्या घरातल्या काकूंनी “कुठल्या गं तुम्ही पोरी?” विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चहा ठेवला. दीड तासात माझी साठ पानं झाली. हॉस्टेलवर वायफाय असताना आठवड्यात होत नाहीत.

पुढचा प्लॅन होता धबधब्याचा. आम्ही पाच जणी होतो. सकाळी सातारा जिल्ह्याच्या घाट विभागाला पिवळा इशारा होता, दुपारी तो नारंगी झाला. दोघी म्हणाल्या, इतक्या लांब आलोय तर जाऊ या, पाच मिनिटं फोटो काढू नि निघू. दोघी म्हणाल्या, परत फिरू. पाचवी मी. मी परत फिरण्याच्या बाजूनं मत दिलं आणि परतीच्या एसटीत अर्धा तास कुणी माझ्याशी बोललं नाही.

आता ऐका गंमत. त्या संध्याकाळी तिथे काहीच झालं नाही. धबधब्याचे मस्त फोटो दुसऱ्या कुणीतरी टाकले. ग्रुपवर ते मला आवर्जून पाठवण्यात आले, सोबत तीन हसरे इमोजी. तर मग निर्णय चुकला का? माझं म्हणणं, नाही. निर्णय घेताना जे माहिती होतं, त्यावर तो बरोबर होता. नंतर काय झालं, हा वेगळा विषय. सीटबेल्ट लावला आणि अपघात झाला नाही, म्हणून सीटबेल्ट वाया गेला असं कुणी म्हणत नाही.

धबधब्याचं एवढं लक्षात ठेवा : धोका तुमच्या डोक्यावरच्या पावसात नसतो, वर डोंगरात पडणाऱ्या पावसात असतो. तुमच्याकडे ऊन असतानाही पाणी अचानक वाढू शकतं. पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत आली किंवा आवाज बदलला, की फोटो अर्धवट सोडून आधी वर, उंच जागी. बॅग राहू द्या. विजांसाठी पुण्याच्या ‘आयआयटीएम’ संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा. आणि ग्रुपमध्ये जी मुलगी किंवा जो मुलगा “नको, परत जाऊ” म्हणतो, त्याला फट्टू म्हणण्याआधी तीनपर्यंत आकडे मोजा. असं म्हणायला पाण्यात उतरण्यापेक्षा जास्त दम लागतो.

आता तुमचा नंबर

ऑगस्ट समोर आहे. श्रावण येतोय, म्हणजे माझा पुढचा लेख. तुम्ही कॅम्पसवरच्या पाच झाडांची नावं शोधून काढा. माळीकाकांना विचारा, त्यांना गुगलपेक्षा जास्त माहिती असते. एका आठवड्यासाठी रोज सकाळी अंदाज वाचा आणि रात्री वहीत एक ओळ लिहा, तुमच्या भागात प्रत्यक्षात किती पडला. तुमच्या गावच्या स्टँडवर जाऊन अशी एसटी शोधा, जिच्या पाटीवरचं शेवटचं गाव तुम्ही कधीच पाहिलं नाही. आणि एखादा ओपन माइक बघा, शक्यतो मराठी.

रूममेटनं परवा पुन्हा नाव नोंदवलंय. नवा सेट आहे, पर्जन्यछायेवर. तिनं यावेळी वडिलांना आधी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “तिकडं पाऊस हाय का?” याचा अर्थ हो की नाही, हे आम्हा दोघींनाही अजून कळलेलं नाही. सेट बहुतेक पडेल, पहिल्या वेळी पडतोच. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, फोन बॅगेत टाकून.